काट्सेनएल्नबोगेनचा वारसा: एका लेकीच्या हक्काने आलेली मिळकत दुसरीच्या हक्काने कशी अडकली

पार्श्वभूमी

राइन नदी बिंगेनच्या पुढे डोंगरात शिरते आणि अरुंद होते. दोन्ही बाजूंना कडे, मधे वेगाने वाहणारं पाणी. लोरेलायचा खडक मागे टाकला की डाव्या काठाला सांक्ट गोआर लागतं. माल भरलेल्या होडीला इथून निसटायला जागा नाही, म्हणून जकातीचा नाका इथेच. नाक्याच्या डोक्यावर राइनफेल्स किल्ला. समोरच्या काठावर चौदाव्या शतकात बांधलेला दुसरा किल्ला आहे, त्याला लोक आजही ‘काट्स’ म्हणजे मांजर म्हणतात. थोडं खाली ट्रीअरच्या आर्चबिशपचा छोटा किल्ला, तो ‘माउस’, म्हणजे उंदीर. शेजाऱ्यांचे संबंध कसे होते हे त्या नावांवरून कळतं.

हे नाके आणि किल्ले काट्सेनएल्नबोगेनच्या ग्राफ घराण्याचे. ग्राफ म्हणजे जर्मन मुलखावरच्या पवित्र रोमन सम्राटाखालोखालच्या सरदारांतला एक, स्वतःचा मुलूख राखणारा. जकातीवर हे घराणं किती तगलं याची परीक्षा फार आधी झाली होती. १२४५ मध्ये राइनफेल्स बांधला, जकात वाढवली, आणि १२५५-५६ मध्ये राइनकाठच्या शहरांनी एकत्र येऊन किल्ल्याला वेढा घातला. वर्षाहून जास्त काळ वेढा चालला, किल्ला पडला नाही. जकात चालू राहिली.

साधारण १२६० मध्ये घराण्याच्या दोन शाखा झाल्या. त्या पुन्हा एक झाल्या त्या लग्नामुळे: थोरल्या शाखेच्या योहान चौथ्याने धाकट्या शाखेची वारसदार आना हिच्याशी लग्न केलं. १४०२ मध्ये तिचे वडील वारले आणि दोन्ही वाटण्या एका घरात आल्या. लेकीच्या अंगाने मिळकत आली हे तेव्हा कुणाला खटकलं नाही, कारण जावई त्याच कुळातला पुरुष होता. ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे तीच अंगावर येते.

त्याच १४०२ साली योहान आणि आनाला मुलगा झाला: फिलिप. हे प्रकरण त्याच्या मिळकतीचं.

मिळकत दोन तुकड्यांत होती. खालची ग्राफशाफ्ट (म्हणजे ग्राफचा मुलूख) राइनच्या खोऱ्यात: सांक्ट गोआर, राइनफेल्स, ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग, आणि मूळ काट्सेनएल्नबोगेन. वरची दक्षिणेला, माइन नदीच्या पलीकडे: डार्मश्टाट, ग्रोस-गेराउ, र्‍युसल्सहाइम, झ्विंगेनबेर्ग, आउअरबाख. मधे दुसऱ्यांचा मुलूख. खालच्या भागात रोख येत होती, वरच्या भागात धान्य आणि वाइन.

हिशेब ठेवण्यात ही माणसं पक्की होती. १४३५ सालची र्‍युसल्सहाइमची एक नोंद शिल्लक आहे: द्राक्षमळ्यात लावायला ‘रीसलिंग’ची रोपं घेतली, खर्च २२ शिलिंग. रीसलिंग या द्राक्षाचा सापडलेला हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख. रोपांचे बावीस शिलिंग लिहून ठेवणाऱ्या घरात वारशाचा घोळ झाला, म्हणून तो निष्काळजीपणाचा म्हणता येत नाही. कागद होते. कागदांत एक प्रश्न राहून गेला होता.

अडचण कशी उभी राहिली

फिलिपचं लग्न १४२२ मध्ये व्युर्टेम्बेर्गच्या आनाशी झालं. १४३३-३४ मध्ये तो जेरुसलेमची यात्रा करून आला. १४४४ मध्ये वडील गेले आणि तो ग्राफ झाला. घरात फिलिप आणि एबरहार्ड असे दोन मुलगे, आणि १४४३ मध्ये जन्मलेली मुलगी आना. वारशाची काळजी करायचं कारण नव्हतं.

मग तीन वर्षांत सगळं उलटलं. थोरला मुलगा १४५३ मध्ये वारला. त्याच्या मागे ओटिलिए ही एकच मुलगी. १४५६ मध्ये धाकटा एबरहार्ड ब्रुजेसमध्ये मारला गेला. त्याच सुमारास फिलिप आणि त्याची बायको वेगळी झाली.

हे वेगळं होणं वरवर घरगुती दिसतं, पण वारशाच्या दृष्टीने सगळ्यात महाग ते पडलं. रोमन चर्चच्या कायद्यात नवरा-बायकोला ‘एका ताटातून आणि एका अंथरुणातून’ वेगळं करता येत असे, पण लग्न मोडत नसे. एक जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला लग्न करता येत नव्हतं. बायको आना १४७१ मध्ये वारली. म्हणजे १४५६ ते १४७१, वयाच्या ५४ पासून ६९ पर्यंत, फिलिपला औरस मुलगा होण्याचा मार्गच बंद होता. पंधरा वर्षं.

समोर कोणते पर्याय होते

मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दत्तकाचा. इतक्या मोठ्या सरंजामाचा धनी निपुत्रिक जातोय, मग भाऊबंदांतला पोरगा मांडीवर का नाही घेतला? एक तर भाऊबंदच उरले नव्हते. दुसरं म्हणजे जहागिरीच्या कायद्याने तो रस्ता बंद केला होता. लॉम्बार्ड जहागीर-कायद्याचा जो ग्रंथ साम्राज्यात प्रमाण मानला जाई, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की दत्तक मुलगा जहागिरीचा वारस होत नाही. कारणही व्यवहाराचं आहे. जहागीर दिली ती एका रक्ताच्या रांगेला. त्या रांगेत परका माणूस घुसवायचा अधिकार जहागीर घेणाऱ्याला दिला, तर देणाऱ्याकडे ती परत कधीच येणार नाही.

आता मिळकतीचे प्रकार बघू. पुढची सगळी भांडणं त्यावरच झाली. अशा घराण्याच्या हातात साधारण चार तऱ्हेची मालमत्ता असे:

स्वतःची मालकीची जमीन. ही लेकीला जाऊ शकत असे.

जहागीर. ती कुणाकडून आली, सम्राटाकडून, बिशपकडून, मठाकडून की शेजारच्या राजाकडून, आणि सनदेत ‘फक्त पुरुषांना’ लिहिलंय की ‘पुरुष नसल्यास स्त्रियांनाही’, हे एकेका गावासाठी वेगळं. डार्मश्टाटच्या बाजूला धनी एक, राइनकाठी दुसरा.

जकातीसारखे हक्क. हे मुळात सम्राटाचे, त्याने बहाल केलेले. सांक्ट गोआरचा नाका मुख्य. त्याशिवाय इतर नाक्यांत हिस्से.

गहाण आणि गहाणवट. पैसे देऊन घेतलेला ताबा. पैसे परत आले की सोडायचा.

यात विधवेचं पोटगीचं गाव वेगळं काढावं लागे. ती जिवंत असेपर्यंत त्या गावचं उत्पन्न तिचं.

चार थैल्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर प्रत्येकीचा वारस वेगळा नक्की करता आला असता. पण घराण्याची प्रतिष्ठा ‘ग्राफशाफ्ट अखंड’ या शब्दात अडकलेली. नाती, सोयरे, वकील, सगळे एकाच गाठोड्याबद्दल बोलत राहिले.

१४५६ नंतर फिलिपसमोर खरे पर्याय तीन उरले. नात ओटिलिए, म्हणजे थोरल्या मुलाची मुलगी, तिला वारस करायचं. मुलगी आना हिला करायचं. किंवा दोघींत वाटायचं. मुलूख आपणहून दोन तुकड्यांत होताच.

नात की मुलगी, याचं उत्तर तेव्हाच्या जर्मन कायद्यात ठाम नव्हतं. मेलेल्या मुलाच्या जागी नातवाने उभं राहावं का, हा वाद इतका जुना की दहाव्या शतकात ओटो राजाने तो श्टेले इथे दोन लढवय्यांना द्वंद्वात उतरवून सोडवला होता. नातवंडांच्या बाजूचा गडी जिंकला. पण तो नातवंडांचा नियम, आणि इथे बाब नातीची. शिवाय साम्राज्यभर लागू होईल असा नियम लिहिला गेला तो फिलिप वारल्यावर.

तिसरा पर्याय, वाटणीचा, माझ्या मते सगळ्यात सरळ होता. वरचा मुलूख एकीला, खालचा दुसरीला. अडचण एवढीच की पैसा सगळा खालच्या भागात. बरोबरी साधायची तर राइनच्या जकातीतून वरच्या भागाला दरसालची रक्कम बांधून द्यावी लागली असती, आणि असा हप्ता दोन पिढ्या नीट चालला असं उदाहरण शोधावं लागतं.

काय केलं

१४५८ मध्ये पंधरा वर्षांच्या आनाचं लग्न हेसेचा लांडग्राफ (ग्राफपेक्षा वरच्या दर्जाचा सरदार) हाइनरिश तिसरा याच्याशी झालं. हेसे शेजारी, ताकदवान, आणि राइनकाठी पाय ठेवायला उत्सुक. १४६९ मध्ये ओटिलिएला बाडेनच्या क्रिस्टोफला दिलं. लेकीला हुंडा द्यायचा आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं, ही त्या काळची रीत. नातीच्या बाबतीतही विचार हाच. मिळकत हेसेच्या जावयाकडे जाणार हे हळूहळू ठरत गेलं.

१४७१ मध्ये पहिली बायको वारली आणि म्हातारा मोकळा झाला. १४७४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याने दुसरं लग्न केलं. बायको नासाउ-डिलेनबुर्ग या दुसऱ्या ग्राफ घराण्यातली आना, विधवा, पहिल्या घरी मुलगा झालेली. म्हणजे मूल होण्याची शक्यता सिद्ध. हेसेच्या दरबारात या लग्नाने काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको: सोळा वर्षं वाट पाहिलेली मिळकत एका बाळाने जाऊ शकत होती. नव्या ग्रेफिनवर, म्हणजे ग्राफच्या बायकोवर, वाइनमधून विषप्रयोगाचा प्रयत्न झाला, एक पुरोहित त्यात सापडला, आणि त्याच्यामागे कोण याची कुजबुज हेसेच्या दिशेने गेली.

मूल झालं नाही. जुलै १४७९ मध्ये फिलिप गेला. घराण्याच्या रीतीप्रमाणे एबरबाखच्या मठात पुरला. पुरुषरेषा संपली, हेसेने ताबा घेतला.

ताबा घेणं म्हणजे नुसतं झेंडा लावणं नव्हे. शहरोशहरी फिरून लोकांकडून इमानाची शपथ घ्यायची, किल्लेदारांकडून चाव्या घ्यायच्या, नाक्यावरच्या जकातदाराला नव्या धन्याच्या नावाने हिशेब लिहायला लावायचे. आणि जहागीर देणाऱ्या प्रत्येकाकडे ठरलेल्या मुदतीत अर्ज करून ती नव्याने आपल्या नावे करून घ्यायची. ‘एक वर्ष आणि एक दिवस’ म्हणत, पण सॅक्सन कायद्यात त्याचा अर्थ एक वर्ष, सहा आठवडे, तीन दिवस असा लावत. मुदत चुकली तर देणारा म्हणू शके, जहागीर रिकामी झाली. धनी पाच-सात असतील तर पाच-सात ठिकाणी हे करायचं.

हेसेने हे सगळं केलं. हेसेचा मूळ आधार एकच होता: आमच्या घरची आना ही शेवटच्या ग्राफची मुलगी.

दुसरा पेच: १५००

हाइनरिश तिसरा १४८३ मध्ये वारला. मुलगा विल्हेल्म तिसरा अज्ञान. त्याच्या दोन बहिणी; थोरली एलिझाबेथ १४८२ मध्येच नासाउ-डिलेनबुर्गच्या योहान पाचव्याला दिली होती. हा योहान म्हणजे म्हाताऱ्या फिलिपच्या दुसऱ्या बायकोचा भाऊ. नासाउचं घर या मिळकतीच्या अंगणात दोन दारांनी आलेलं होतं.

१७ फेब्रुवारी १५०० रोजी विल्हेल्म तिसरा शिकारीत घोड्यावरून पडून मेला. मूलबाळ नाही. हेसे तेव्हा मारबुर्ग आणि कासेल अशा दोन शाखांत वाटलेलं होतं; त्यातली हाइनरिशची मारबुर्ग शाखा संपली.

आता गंमत बघा. मारबुर्गचा मुलूख कासेल शाखेच्या विल्हेल्म दुसऱ्याकडे जाणार यात वाद नव्हता. तो हेसेचा, आणि हेसे पुरुषांकडे. पण काट्सेनएल्नबोगेन? ते हेसेला आलंच होतं एका लेकीच्या हक्काने. कासेलचा विल्हेल्म हा त्या आनाच्या रक्ताचा नव्हता, तिच्या दिराच्या वंशातला. आनाच्या रक्ताची उरली होती ती एलिझाबेथ आणि तिची बहीण माटिल्डे. नासाउ म्हणालं: १४७९ मध्ये तुम्ही म्हणालात, पुरुष नसेल तर लेक वारस. ठीक. आता पुरुष नाही. लेक इथे आहे.

हेसेचं उत्तर: ग्राफशाफ्ट एकवीस वर्षं हेसेत मिसळली आहे, आता ती हेसेचा भाग, आणि लेकी हुंडा घेऊन गेल्या.

हक्कसोडपत्राची नेमकी शब्दरचना इथे जीव घेते. ‘मी माझा हक्क सोडते’ हे एक. ‘भाऊ आणि त्यांचे मुलगे आहेत तोवर सोडते’ हे दुसरं. दुसऱ्या तऱ्हेच्या मजकुरात शेवटचा पुरुष मेला की हक्क जिवंत होतो. कोणत्या पुरुषरेषेपर्यंत, फक्त भावाच्या की चुलतघराण्याच्याही, हे लिहिलं नसेल तर दोन्ही बाजूंना वकील मिळतात.

विल्हेल्म दुसऱ्याने वाट पाहिली नाही. ताबा घेतला आणि मग बोलायला बसला. साम्राज्याचं वरिष्ठ न्यायालय १४९५ मध्येच स्थापन झालेलं. निकाल देऊ शके, बजावणीसाठी स्वतःची फौज नव्हती. आणि ज्याच्या हातात नाका त्याच्या हातात दरसालची जकात. दाव्याचं प्रत्येक वर्ष प्रतिवादीला पैसे मिळवून देत होतं, तर वादीला खर्चात टाकत होतं. पुढची सत्तावन्न वर्षं का गेली, याचं अर्धं उत्तर या एका गोष्टीत आहे.

निकाल लागला, बजावणी नाही

१५०९ मध्ये विल्हेल्म दुसरा गेला. मुलगा फिलिप चार वर्षांचा. हाच पुढे धर्मसुधारक लूथरच्या बाजूचा मोठा पुढारी झाला. नासाउच्या बाजूने नासाउचा हाइनरिश तिसरा उभा राहिला (हेसेचा तो वेगळा), एलिझाबेथचा मुलगा, सम्राट पाचव्या कार्लच्या अगदी आतल्या गोटातला. १५२३ मध्ये ट्युबिंगेनमध्ये निकाल लागला, मुख्यतः नासाउच्या बाजूने. हेसेने तो मानला नाही.

इथे तरुण फिलिपचं गणित समजून घ्यायला हवं. राइनफेल्स दिला तर नदीवरचा पाय गेला आणि डार्मश्टाट दिलं तर दक्षिण गेली. उलट बाजूला सम्राट फ्रान्स, तुर्क आणि इटलीत गुंतलेला. एका ग्राफशाफ्टसाठी हेसेवर फौज पाठवायला त्याला सवड नाही. हे गणित चोवीस वर्षं बरोबर ठरलं.

चुकलं कुठे तर दुसऱ्याच खात्यात. १५४० मध्ये फिलिपने पहिली बायको जिवंत असताना मार्गारेटे फोन डेर साले हिच्याशी दुसरं लग्न केलं. ऐंशीएक वर्षांपूर्वीचा म्हातारा ग्राफ चर्चच्या नियमापुढे पंधरा वर्षं हात बांधून बसला. हा बसला नाही. पण १५३२ च्या साम्राज्याच्या फौजदारी संहितेत हा गुन्हा होता, आणि फिलिपला सम्राटाची मर्जी सांभाळत १५४१ मध्ये त्याच्याशी करार करावा लागला. दाव्यातला त्याचा खरा आधार, सम्राटाविरुद्ध उभं राहण्याची मोकळीक, तिथे ढिला झाला. १५४७ मध्ये सम्राट आणि लूथरपंथी सरदार यांच्यातल्या श्माल्काल्डेनच्या युद्धात त्याची बाजू हरली, जूनमध्ये हाले इथे तो शरण गेला आणि कैदेत पडला. कैदेत असतानाच सम्राटाने नासाउच्या बाजूने निर्णय दिला.

पण १५५२ मध्ये फिलिपचा जावई, सॅक्सनीचा मोरित्स, सम्राटावर उलटला. पासाउचा तह झाला, फिलिप सुटला, आणि हातात निकाल असलेलं नासाउ पुन्हा वाटाघाटीच्या पाटावर आलं.

तडजोड: १५५७

३० जून १५५७ रोजी फ्रांकफुर्टमध्ये करार झाला. हेसेकडे ग्राफशाफ्ट जवळजवळ सगळी राहिली. नासाउला ६,००,००० गुल्डन. त्यातले ४,५०,००० रोख, उरलेल्या १,५०,००० च्या बदल्यात मुलूख: डीत्स आणि भोवतालचे हेसेच्या ताब्यातले हिस्से. ‘काट्सेनएल्नबोगेनचा ग्राफ’ ही पदवी दोघांनीही लावायची.

मुलूख निवडताना डोकं लावलेलं दिसतं. डीत्स लान नदीकाठी, नासाउच्या गावांना लागून. हेसेच्या दृष्टीने कडेचं. ज्याला जे जवळ त्याला ते. पदवी दोघांना देण्यात खर्च शून्य, आणि ‘आम्ही हरलो’ असं कुणालाच म्हणावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

१४५८ च्या लग्नाच्या कागदात एक वाक्य हवं होतं: आनाची संतती खुंटली तर ग्राफशाफ्ट कुणाकडे. हेसेच्या सगळ्या शाखांकडे, की आनाच्या रक्ताकडे? त्या वेळी फिलिपची बाजू जड होती. मिळकत त्याची, गरज हेसेला. तो दोन्हीपैकी काहीही लिहून घेऊ शकला असता. १४८२ मध्ये एलिझाबेथच्या लग्नात तीच संधी हेसेला होती, आणि तेव्हा तर तिचा एकुलता भाऊ दहा-अकरा वर्षांचा होता. पुरुषरेषा एका पोरावर टेकलेली असताना बहिणीचं हक्कसोडपत्र मोघम ठेवणं ही माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक.

१५०० मध्ये विल्हेल्म दुसऱ्याने ताबा ठेवूनच पैसे देऊ केले असते तर आकडा खूप लहान पडला असता. उलट बाजूने, नासाउने १५२३ चा निकाल हातात असताना, सम्राट मोकळा होण्याची वाट बघण्याऐवजी, किमतीवर बोलणं सुरू केलं असतं तर तीस वर्षांचं उत्पन्न तरी मिळालं असतं. दोघांनीही आपली सगळ्यात चांगली वेळ हातची घालवली.

आणि चार थैल्या. तडजोडीत शेवटी तेच करावं लागलं: कोणतं गाव किती किमतीचं, कोणतं कुणाला जवळ, रोख किती.

हेसेचा फिलिप १५६७ मध्ये वारला तेव्हा त्याने राज्य चार मुलांत वाटलं. खालची ग्राफशाफ्ट, राइनफेल्ससकट, एकाला. वरची, डार्मश्टाटसकट, दुसऱ्याला. म्हाताऱ्या ग्राफने १४५६ मध्ये न केलेली वाटणी ती हीच. राइनफेल्सवाला १५८३ मध्ये निपुत्रिक गेला. डार्मश्टाटवाल्याचं घराणं १९१८ पर्यंत गादीवर होतं.

नासाउची ती पदवी त्याच घराण्याच्या ऑरेंज शाखेबरोबर नेदरलंड्सला गेली. तिथल्या राजाच्या लांबलचक पदव्यांत ‘काट्सेनएल्नबोगेनचा ग्राफ’ अजून लिहितात.